बालाजी सोडा, कल्याण कॅम्प

नरेंद्र शेजवळचा कशावरच विश्वास नव्हता. दूध आलं की बोट बुडवून बघायचं, नोट मिळाली की उजेडात धरायची, एका डॉक्टरनं गोळ्या दिल्या की त्याच गोळ्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवून यायच्या. त्याची बायको शीला म्हणायची, "बरं झालं बाई, आपलं लग्न संध्याकाळी लागलं. दुपारी लागलं असतं तर मलाही उन्हात धरून आरपार बघितलं असतंत."

आता यात सगळा दोष त्याचाच होता असं नाही. अंबरनाथच्या एका मोठ्या कारखान्यात तो तपासणी खात्यात होता. माल चांगलाच असेल असं धरून चालणारा माणूस त्या खात्यात चार दिवस टिकायचा नाही. तिथे येईल तो माल आधी खोटा, मग जमलं तर खरा. उभी हयात हेच केल्यावर माणसाला घरी येऊन वेगळं वागता येत नाही.

आणि अशा माणसाला छंद कसला लागावा? जुन्या बाटल्यांचा! सोड्याच्या, शरबताच्या, लेमनच्या, काचेत नावं उठवलेल्या जुन्या रिकाम्या बाटल्या. पहिल्यांदा त्याने पिशवीतून खणखणत बाटल्या आणल्या तेव्हा अख्ख्या सोसायटीत बोंब झाली की शेजवळ प्यायला लागले. खालच्या बनूबाई शीलाला धीर द्यायला आल्या, जाताना एका बाबाचा पत्ताही देऊन गेल्या.

खरं तर नरेंद्रला बाटलीपेक्षा तिच्यावरच्या नावाचं वेड होतं. नाव वाचायचं आणि मग त्या माणसाच्या मागे लागायचं: कारखाना कुठे होता, पाणी कुठल्या विहिरीचं, कोण प्यायचं, धंदा बुडाला कसा. कर्जतच्या एका लेमनवाल्याचा नातू त्याने असाच हुडकून काढला होता. नातू मोबाईलची कार्डं विकत होता आणि आजोबांचा कारखाना होता हे ऐकून त्याने पहिला प्रश्न विचारला, "जागा कोणाच्या नावावर आहे?"

या सगळ्या बाटल्यांत नरेंद्रचा जीव अडकला होता तो एकीत. बदलापूरच्या एका भंगारवाल्याच्या ढिगात ती मिळाली. गोटी सोड्याची जुनी बाटली, काच हिरवट, गळ्याला दोन बाजूंनी चिमटे काढलेले, आत गोटी शाबूत. हलवली की टणटण वाजायची. पोटावर झिजलेली इंग्रजी अक्षरं होती. बोट फिरवत वाचली तर लागत होतं, 'बालाजी सोडा, कल्याण कॅम्प'.

कल्याण कॅम्प म्हणजे आताचं उल्हासनगर. महायुद्धात तिथे लष्कराची छावणी होती. युद्ध संपलं, फाळणी झाली आणि त्याच बराकींमध्ये सिंधमधून आलेली माणसं राहायला आली. म्हणजे ही बाटली उल्हासनगर हे नाव पडण्याआधीची होती. नरेंद्रला त्या रात्री झोप लागली नाही.

पण बालाजी कोण? हे विचारायला त्याच्याकडे एकच माणूस होता, परसराम. उल्हासनगरात कॅम्प दोनमध्ये त्याचं शरबताचं दुकान होतं, आणि त्याच्या चाचाने बराकींच्या काळात सोड्याचा धंदा केलेला. नरेंद्र स्कूटरवरून तिकडे गेला. परसरामने बाटली हातातही घेतली नाही. लांबूनच बघून म्हणाला, "बालाजी? अरे साईं, मारवाडी होता कोणीतरी. तिरुपती का भगत. धंदा समेट के चला गया."

आणि काय सांगू, ज्या माणसाने सख्ख्या सासऱ्याकडे जन्माचा दाखला मागितला होता, त्याने हे ऐकलं आणि मान डोलावली. उलटतपासणी नाही, काही नाही. कारण सगळं जिथल्या तिथे बसत होतं. देवाचं नाव, मारवाडी माणूस, कारखाना. यात संशय घ्यायचा कुठे?

दोन हजार चारच्या जानेवारीत अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयात जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. कोणाची नाणी, कोणाचे अडकित्ते, कोणाची तिकिटं, आणि एका लांब टेबलावर नरेंद्रच्या बाटल्या. प्रत्येकीपुढे त्याने स्वतःच्या हाताने कार्ड लिहून ठेवलं होतं. बालाजीच्या कार्डावर लिहिलं होतं: 'मारवाडी व्यापारी, तिरुपती बालाजीचे निस्सीम भक्त.' आदल्या रविवारी गावातल्या पेपरात त्याच्या या शोधाची बातमीही छापून आली होती, फोटोसकट. त्यामुळे गडी जरा फुगलेलाच होता.

दुपारी एक म्हातारी आली. सोबत तिची सून. म्हातारी काठी न घेता चालत होती, पण प्रत्येक टेबलाला हात लावत. बालाजीच्या बाटलीपाशी ती थांबली आणि सुनेला म्हणाली, "प्रगती, वाच गं काय लिवलंय."

सुनेने वाचलं. म्हातारीने नरेंद्रकडे बघून चांगला खणखणीत 'जयभीम' घातला आणि म्हणाली, "साहेब, हे चुकलंय. हे माझ्या बाचं नाव हाय. बाळाजी सटवा उबाळे. मी गयाबाई, त्याची लेक. मोरिवलीला राहते."

तेव्हा टेबलापाशी प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष उभे होते, वाचनालयाचे दोन विश्वस्त होते, ठाण्याहून आलेला एक मोठा संग्राहक होता. नरेंद्रने जयभीम परत केला खरा, पण तोंडातल्या तोंडात. त्याला वाटलं, आली! पेपरात नाव वाचून, आपल्यातलाच माणूस आहे म्हणून गळ घालायला आली.

"बाई, हे देवाचं नाव आहे," तो म्हणाला. "तिरुपतीचा बालाजी."

"देवाचं नाय, साहेब. माझ्या बाचं." आणि तिने पदराखालून एक गाठोडं काढलं. खणाच्या कापडात गुंडाळलेली बाटली होती. तीच हिरवट काच, तेच चिमटे, तीच गोटी. अक्षरं मात्र अशी ठसठशीत की लांबून वाचावीत.

आणि तिथेच नरेंद्रच्या डोक्यात घंटा वाजली. इतकी ठसठशीत? आपली बाटली झिजून गुळगुळीत, आणि हिची काल साच्यातून काढल्यासारखी? उल्हासनगरात काय बनत नाही! परदेशी घड्याळ बनतं, अत्तर बनतं, जुनी बाटली बनायला किती वेळ? बातमी आली रविवारी, आणि बाटली घेऊन बाई हजर शनिवारी. कोणीतरी हिला पुढे केलंय. त्याने बाटली उजेडात धरली, बुडाला नख मारलं, गोटी वाजवून बघितली. काचेत काही खोट सापडेना. मग त्याचा संशय आणखी वाढला. खोट सापडत नाही म्हणजे काम पक्क्या माणसाचं.

"ही कुठून आणलीत?"

"बानं ठिवली व्हती. एकच ऱ्हायली. माझ्या लग्नात दिली मला. म्हणला, गये, तुझा बा कारखानदार व्हता, हे ध्यानात ठेव."

"कारखानदार," नरेंद्र म्हणाला.

"व्हय. सोड्याचा कारखाना व्हता. चाक फिरवायचं मशीन व्हतं. मी ल्हान व्हते, खोक्यावर उभी ऱ्हायची."

खरं सांगायचं तर नरेंद्रचं मन मशीनच्या चाकावर नव्हतंच. ते भलत्याच गोष्टीवर अडलं होतं. आपल्यातला माणूस? त्या काळात? त्याच्या स्वतःच्या आजोबांना गावच्या विहिरीवर चढू देत नव्हते. वरून कोणी ओंजळीत ओतेल तेवढं पाणी. ज्याच्या हाताचा थेंब लोकांना चालत नव्हता, तो माणूस बाटल्यांत पाणी भरून विकत होता आणि गावं ते पीत होती? छट्! कारखाना, आणि आपल्यातल्या माणसाचा? हे त्याच्या डोक्यात बसेचना.

मंडळाचे अध्यक्ष हसून म्हणाले, "शेजवळ, काय निकाल? तुम्ही आमचे तपासणीस."

सगळे त्याच्याकडे बघत होते. नरेंद्रने बाटली टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "माल उल्हासनगरचा आहे. जुना नाही. बाई, कोणीतरी तुम्हाला फसवलंय, नाहीतर तुम्ही आम्हाला."

ठाण्याचा संग्राहक मोठ्याने हसला. प्रगती पुढे झाली, "ओ, तोंड सांभाळून बोला," पण गयाबाईने तिचा हात धरला. म्हातारी चिडली नाही, रडली नाही. नुसतं विचारलं, "साहेब, तुम्ही हेच काम करता? माल तपासायचं?"

"हो. कारखान्यात."

"मग तुम्हाला कळत असंल." तिने बाटली खणात गुंडाळली, गाठ मारली आणि दोघी निघून गेल्या.

घरी नरेंद्रने हे सगळं रंगवून सांगितलं. शीला भाकरी थापत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग तिने काय मागितलं तुमच्याकडे?"

"काही नाही."

"बाटली विकत घ्या म्हणाली?"

"नाही."

"मग खोटं बोलून त्या बाईला मिळणार काय होतं हो? कार्डावर बापाचं नाव?"

हे मात्र नरेंद्रला टोचायला लागलं, कारण तपासणीचा पहिला नियम तोच शिकवायचा नव्या पोरांना: जिथे खोटं असतं तिथे कोणाचा तरी फायदा असतो, तो आधी शोधा. इथे फायदा कोणाचा? त्याने दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी संशय वळला परसरामकडे. शरबताचं दुकान, काचेच्या बाटल्यांचे व्यापारी ओळखीचे, आणि बाटलीला हात न लावणारा माणूस. नकली बाटल्या पाडून म्हातारीच्या हातून खपवतोय का लेकाचा?

पुढच्या रविवारी तो कॅम्प दोनमध्ये जाऊन थडकला. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. परसराम लिंबं पिळत होता. नरेंद्रने सहज सांगितल्यासारखं सांगितलं आणि डोळे मात्र परसरामच्या तोंडावर ठेवले.

"शेठ, गंमत ऐका. मोरिवलीची एक म्हातारी आली होती. म्हणते बालाजी माझा बाप. मारवाडी नाही, महार होता."

परसरामचा हात लिंबावर तसाच राहिला. मग त्याच्या तोंडून निघून गेलं, "गया जिंदा है?"

नरेंद्र उठून उभा राहिला.

"शेठ, मी नाव सांगितलं नव्हतं."

परसरामने लिंबू खाली ठेवलं, हात पुसले, परत पुसले. अडुसष्ट वर्षांचा माणूस, पण चोरी सापडलेल्या पोरासारखं तोंड झालं त्याचं. "बैठो नरेंदरभाई," तो म्हणाला. "आता काय लपवायचं."

मग त्याने सांगितलं. बालाजी सिंधी लोकांच्या आधीपासून तिथे होता, गोऱ्या सोल्जरांच्या वेळेपासून. सोल्जरांना सोडा पाहिजे होता, जातबीत कोण विचारतो? गोरे गेले, सिंधहून आलेले लोक बराकीत भरले, तरी बालाजीचाच सोडा चालायचा. कल्याणला जायचा, बदलापूरला जायचा. असा सणसणीत सोडा की गोटी दाबली की पोरं दचकायची. बाटलीवर बालाजी लिहिलेलं, लोकांना वाटायचं देवाचं नाव. तो माणूस हो म्हणायचा नाही, नाही पण म्हणायचा नाही. नुसता हसून चाक फिरवायचा.

"मग माझ्या चाचाने सोडा काढला. चालेना. आधी बालाजी, मग उरला तर आमचा. चाचाला कुठून तरी कळलं की तो कोण आहे. खरं बोलतो साईं, चाचाला जातीचं काही पडलं नव्हतं. आम्ही गटारीजवळ झोपत होतो, आमची कसली जात? पण लोकांचं काय होणार, हे त्याला बरोबर ठाऊक होतं. दुकान दुकान फिरला, कानात सांगून आला. आठ दिवसांत खोके परत. जे काल पीत होते तेच थुंकायला लागले."

"आणि गयाबाईचं नाव तुम्हाला कसं माहीत?"

परसराम खाली बघून बोलायला लागला. "चाचाने आम्हा पोरांना पाठवलं. सांगितलं, जाओ, मजा करो. भरलेल्या बाटल्या होत्या अंगणात. गॅसवाली बाटली फुटते ना, पटाखा! आम्हाला मजा वाटली. तिथे छोटी लडकी खोक्यावर उभी होती. बाप ओरडायचा, गया, गया, आत जा! आणि आम्ही पोरं चिडवायचो, गया? किधर गया? किधर गया? हे डोक्यातून कधी गेलंच नाही. मीही फोडल्या. चाचा म्हणाला होता, कोणी विचारलं तर बोलायचं, मारवाडी होता, चला गया. तेच बोलत आलो."

नरेंद्रला परसरामची गचांडी धरावीशी वाटली. संताप संताप झाला. पण स्कूटर सुरू करताना त्याला जे वाटलं ते त्याहून वाईट होतं. परसराम खोटं बोलला, कारण त्याला ते शिकवलं होतं. मला कोणी शिकवलं होतं? इंग्रजीत ळ नाही. परसरामच्या जिभेवर ळ नाही. पण माझ्या जिभेवर तर आहे! माझ्या आजोळी दोन बाळाजी होते, एका बाळाजीमामाच्या मांडीवर बसून मी जेवलोय. ती बाई तोंडावर बाळाजी म्हणाली आणि मी तिला तिरुपती शिकवत बसलो. अक्षरं ठसठशीत का होती? कारण तिची बाटली कधी वापरलीच नव्हती, चाळीस वर्षं खणात जपली होती. हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण आपल्यातल्या माणसाचा कारखाना असू शकतो, हे मलाच खरं वाटलं नाही. मलाच! त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली, आणि तो घरी न जाता सरळ मोरिवलीला गेला.

कारखान्यांच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत गयाबाईचं घर होतं. दारात प्रगतीच भेटली. त्याला बघून ती आत सरकली नाही, उंबऱ्यातच उभी राहिली.

"आता काय तपासायचं राहिलं?"

"मावशींना भेटायचंय. माझं चुकलं. बाटली खरी आहे."

"बाटली भंगारवाल्याला गेली," प्रगती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी. मी ओरडले, ऐकलं नाही. म्हणाल्या, ते साहेब तपासणारे हायत, त्यांना कळतं. बानं मला खोटंच सांगितलं असंल. जन्मभर सासूनं हसून घेतलं, नवऱ्यानं हसून घेतलं, वस्तीतल्या बाया 'कारखानदारीण' म्हणून चिडवायच्या, तरी कधी डगमगल्या नाहीत. तुम्ही एकदा बोललात आणि संपलं. तुम्ही आपल्यातले, शिकलेले. तुम्ही म्हणताय म्हणजे खरंच असणार ना."

नरेंद्र पायरीवर बसला. आतून गयाबाई बाहेर आली. मांडीवर वालाच्या शेंगांचं ताट घेऊन तीही बसली. त्याने सगळं सांगितलं: परसराम, चाचा, परत आलेले खोके, बाळाजी उबाळ्याचा सणसणीत सोडा. तो बोलत होता आणि ती वाल सोलत होती. मध्ये एकदाही तिने वर बघितलं नाही.

संपल्यावर म्हणाली, "तुम्ही भले माणूस हायत. म्हातारीला वाईट वाटलं म्हणून एवढ्या उन्हाचं आलात. ऱ्हाऊ द्या साहेब. प्रगती, च्या टाक गं साहेबांना."

"मावशी, मी समजूत काढत नाहीये. खरं सांगतोय!"

"व्हय व्हय," ती म्हणाली. लहान पोराला म्हणावं तसं. "मी ल्हान व्हते, मला तरी काय आठवतंय? खोकं आठवतं, बाचे हात आठवतात, काचेनं कापलेले. हात तर भंगाराच्या कामातही कापतात. नंतर बा काडेपेटीच्या कारखान्यात हमाली करायचा. पोरीला बरं वाटावं म्हणून बोलला असंल काहीबाही. बाप बोलतात."

आयुष्यभर नरेंद्रने लोकांकडे पुरावे मागितले होते. आता तो खरं बोलत होता, पोटतिडकीने बोलत होता, आणि ही बाई त्याला प्रेमाने चहा देत होती.

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात रजा टाकली आणि परसरामच्या दुकानासमोर जाऊन उभा राहिला. "चला माझ्याबरोबर. तिच्यासमोर सांगा."

"पागल झालात काय?" परसराम हादरलाच. "बिरादरीत माझी काय इज्जत राहील? नातवाचं लग्न ठरतंय. आणि ती वस्ती मला मारेल!"

"मारेल कदाचित."

"मैं नहीं आता."

"शेठ, तिने बाटली भंगारात टाकली. तिला वाटतं तिचा बाप खोटारडा होता. माझ्यामुळे वाटतं. मी शंभरदा सांगितलं तरी तिला पटणार नाही, कारण मी बघितलेलं नाही. बघणारे तुम्ही एकटेच उरलाय."

"बाप को झूठा समझती है?" परसरामने विचारलं. नरेंद्रने मान हलवली. परसराम पुटपुटला, "बाप झूठा नहीं था उसका," आणि त्याने दुकानाचं शटर ओढलं. स्कूटरवर मागे बसून तो मोरिवलीला आला.

गयाबाई अंगणातच होती. नरेंद्रने पुढे होऊन सांगितलं, "मावशी, हे परसरामशेठ. कॅम्पातले. काल सांगितलं ते हे."

परसरामने टोपी काढली. काय बोलायचं ते त्याने वाटेत ठरवलं असेल, पण ते सगळं विसरला. नुसतं म्हणाला, "गया, तू खोक्यावर उभी होती. लाल झगा होता. आम्ही चिडवत होतो, किधर गया. तुझ्या बापाच्या बाटल्या... हमने फोड़ी. मैंने भी फोड़ी."

प्रगती खवळून उठली. "लाज नाही वाटत? एवढ्या वर्षांनी तोंड घेऊन येताय? माझ्या सासूच्या बापाचं वाटोळं करून..." नरेंद्रही पुढे सरकला, कारण आता काही विपरीत होणार असं त्याला वाटलं.

पण गयाबाईने हात वर केला. "थांब गं." ती परसरामकडे टक लावून बघत होती. "तुम्ही फोडल्या?"

"हां."

"किती?"

"गिनती नहीं. अंगणभर काच होती. पाय ठेवायला जागा नव्हती."

"अंगणभर?"

"पूरा अंगणभर."

म्हातारीच्या तोंडावर काय झालं ते नरेंद्रला आधी कळेचना. त्याला वाटलं रडते आहे. पण ती हसत होती. दोन्ही हातांनी गुडघे दाबून, अंग हलवून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"म्हंजे व्हत्या!" ती म्हणाली. "फोडल्या म्हंजे व्हत्या ना गं, प्रगती! नसत्या तर फोडल्या कशा असत्या? अंगणभर व्हत्या! माझा बा खोटं नाय बोलला!"

परसराम शिव्या खायच्या तयारीने आला होता. त्याला हे सोसेना, तो खालीच बसला. नरेंद्रने तोंड फिरवलं. त्याला रडू आवरत नव्हतं, आणि त्याने आवरलंही नाही.

गयाबाई मात्र उठली होती. शेजारच्या झोपडीचं दार तिने हाताने बडवलं. "ए रखमाबाई! बाहेर ये, बाहेर ये! मला कारखानदारीण म्हणतेस ना? हा शेठ आलाय कॅम्पातून, ऐक काय सांगतो!" रखमाबाई आली, तिच्यामागून तिच्या सुना आल्या, पलीकडच्या ओट्यावरच्या दोघीतिघी आल्या. गयाबाईने परसरामचं मनगट धरून त्याला उठवलं आणि सगळ्यांच्या मधोमध उभं केलं. राग नव्हता त्यात. पाहुण्याला मानाच्या जागी नेऊन बसवावं तसं नेलं.

"सांगा शेठ. पयल्यापासनं सांगा."

परसरामने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली. "इसके बाप का कारखाना था," त्याने सुरुवात केली. "बालाजी..."

"बाळाजी," गयाबाई म्हणाली.

"बाड़ाजी," परसराम म्हणाला. "सोड्याचा कारखाना. एक नंबर सोडा. और हम लोगों ने..." आणि तिथे त्याचा आवाज बसला.

गयाबाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "रखमाबाईला कमी ऐकाया येतं."